त्रेपन्नचा भाव

“त्रेपन्न,” जावईबापू म्हणाले, आणि माझ्या पोटाच्याही खाली, जिथे माणसाला बहुधा कुठलाच अवयव नसतो अशा एखाद्या जागी, कसलंतरी झाकण धाडकन पडलं. शुक्रवार, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. समोर वही, वहीत तारीख, तारखेखाली माझ्याच अक्षरात ‘बिस्मथ’ आणि त्यापुढे रिकामी जागा. गेली बावीस वर्षं दर शुक्रवारी ही रिकामी जागा मी साडेचारच्या आत भरत आलो आहे. “त्रेपन्न काय?” मी विचारलं. “किलोला त्रेपन्न डॉलर. बाजार पार सुटलाय, साहेब. तुम्हाला ठाऊक नाही असं कसं होईल?” जावईबापू हे त्यांना बाजाराने ठेवलेलं नाव; ते सासऱ्याची धातूची पेढी चालवतात आणि बोलताना सासरा शेजारच्या खोलीत बसल्यासारखा आवाज दबका ठेवतात. सासऱ्याला जाऊन नऊ वर्षं झाली. मी विचारलं, कोणाकडून ऐकलंत? ते म्हणाले, सगळीकडून. मी म्हटलं, सगळीकडून म्हणजे कोणाकडून? त्यावर ते दुखावले. “आता तुम्ही आमची उलटतपासणी घेणार असाल तर राहू द्या. आम्ही बापडे कानावर आलं ते सांगतो.”

मागच्या शुक्रवारी भाव पस्तीस होता. त्याच्या मागच्या शुक्रवारीही पस्तीस. या धंद्यात आकडा शून्यावर संपतो नाहीतर पाचावर. अगदीच कोणी चिकट असला तर अडीचवर. त्रेपन्न असा भाव कोणी बोलत नाही. पन्नास म्हणतील, पंचावन्न म्हणतील. त्रेपन्न हा भाव नव्हे, ते कोणाचंतरी वय असावं. आणि ते कोणाचं, हे मला माहीत होतं. झाकण पडलं ते त्यामुळे.

बिस्मथ कोणी मुद्दाम खणत नाही. शिसं गाळताना ते सोबत येतं, पाहुण्याबरोबर पाहुण्याचा मेहुणा यावा तसं. शिशाला गिऱ्हाईक असलं की हेही निघतं. शिसं पडून राहिलं की जगाने बिस्मथसाठी कितीही टाहो फोडला तरी कोणी एक खडा जास्त फोडत नाही. लागतं म्हणाल तर थोडं थोडं सगळ्यांनाच लागतं: पोटाच्या औषधाला, ओठांच्या रंगाला चकाकी आणायला, आणि मोठ्या इमारतींच्या छताला ज्या पाण्याच्या तोट्या असतात त्यांच्या चकत्यांना. खोलीत आग लागली की ती चकती वितळते आणि पाणी सुटतं. वर्षानुवर्षं छताला चिकटून राहायचं आणि एकाच दिवशी, वेळेवर, वितळायचं. अशा या मेहुण्याला धातूंच्या वायदेबाजारात जागा नाही, त्याचा आकडा कुठे फळ्यावर झळकत नाही. त्याचा भाव मी ठरवतो. म्हणजे ठरवत नाही. हे वाक्य ऑफिसात उच्चारलं तर कायदा-विभाग धावून येईल. मी विचारतो. आठवडाभर मोजक्या व्यापाऱ्यांना फोन करतो, कितीला घेतलंत, कितीला दिलंत विचारतो, त्यांच्या थापांतून थापा वजा करतो आणि उरेल ते शुक्रवारी आमच्या पत्रकात छापतो. मग ज्यांनी मला भाव सांगितला तेच शनिवारी पत्रक उघडून भाव किती ते बघतात. जगभरचे करार त्या आकड्याला बांधलेले असतात. आरशाने आरशाला विचारावं, काय रे, मी कसा दिसतो, तसं हे चाललं आहे, आणि चालतं, कारण मधे उभ्या असलेल्या माणसाने एकच नियम पाळायचा असतो: आकडा आधी आपण उच्चारायचा नाही. “पस्तीसला गेलं का?” असं विचारायचं नाही. “काय म्हणतोय बाजार?” असं विचारायचं आणि गप्प बसायचं. समोरच्याला शांतता सोसत नाही. तोच बोलतो. बावीस वर्षांत मी पुष्कळ प्रकारच्या शांतता ऐकल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या मला तोंडपाठ आहेत.

मंगळवारी सकाळी आठला दादाचा फोन आला होता. “त्रेपन्नाचा झालास रे गाढवा,” तो म्हणाला. दर वर्षी तो हेच म्हणतो, फक्त आकडा बदलतो. बाकी घरात माझा वाढदिवस कोणाच्या ध्यानात नव्हता, आणि मीही तो कोणाच्या ध्यानात आणून दिला नाही, कारण आणून दिलेला वाढदिवस हा मागून घेतलेल्या नमस्कारासारखा असतो. पण न आणून देण्यातही एक राग असतोच. तो मी डब्याबरोबर ऑफिसला नेला. तिथे माझ्या टेबलावरचा वायरीचा फोन काढून नेला होता. बावीस वर्षं ज्याचा दांडा माझ्या कानाच्या आकाराचा झाला होता तो गेला आणि त्या जागी एक चौकोनी स्वच्छ डाग राहिला. आता सगळं कानात खुपसायचं. ते खुपसून मी खोकलेशेठना फोन लावला. खोकलेशेठ हे बाजारातले सगळ्यात जुने दलाल. त्यांचा खोकला ऐकून माल आहे की नाही हे ओळखता येतं: माल असला की कोरडा, नसला की ओला. त्या दिवशी ते वीस मिनिटं रडत होते. पस्तीस हा भाव म्हणजे अन्याय, पस्तीसमध्ये भट्टीचा कोळसा सुटत नाही, तुमच्या पत्रकाने आम्हाला देशोधडीला लावलं, तुम्ही तिथे गार खोलीत बसून आमच्या पोटावर पाय देता. हेच ते भाव पंचवीस असतानाही म्हणाले होते, आणि मला खात्री आहे, पाळण्यातही म्हणाले असतील. आणि मी, ज्याने बावीस वर्षांत एकदाही आकडा आधी उच्चारला नाही तो मी, म्हणालो, “मग काय, त्रेपन्न लिहू? लिहून टाकतो त्रेपन्न! म्हणजे तुम्ही एकदाचे सुखी व्हाल!” पलीकडे खोकला थांबला. मला वाटलं, लाजले. ते लाजले नव्हते. ते लिहून घेत होते.

उपहास हा नाशवंत माल आहे, हे मला ठाऊक असायला हवं होतं. ज्या खोलीत केला त्या खोलीबाहेर नेला की त्याचा उपहास उडून जातो आणि नुसता आकडा उरतो. मंगळवारी तो माझ्या तोंडून निघाला, बुधवारी एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर गेला, गुरुवारी त्याला अंगरखा चढला, आणि शुक्रवारी तो पाहुणा होऊन माझ्याच दारात उभा. मी प्राध्यापकांना फोन लावला. हे पूर्वी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता रसायनं विकतात, पण तास घ्यायची सवय सुटलेली नाही. “काय म्हणतोय बाजार?” मी विचारलं आणि गप्प बसलो. “त्रेपन्न,” ते म्हणाले, “आणि ते अपेक्षितच होतं.” मी विचारलं, अपेक्षित कसं? त्यांनी सांगितलं. शिशाच्या दोन भट्ट्या डागडुजीसाठी बंद आहेत, त्यामुळे पुरवठ्याची बाजू आवळली आहे. शिवाय औषधवाले गुपचूप साठा करताहेत. ही लक्षणं त्यांना महिनाभर दिसत होती. मी ऐकत राहिलो. माझ्या एका सकाळच्या चिडचिडीला इतकी अभ्यासपूर्ण कारणं असतील याची मला कल्पना नव्हती. बायको निदान “जेवला नाहीत का?” एवढंच विचारते. “हा आकडा तुम्हाला जरा विचित्र नाही वाटत?” मी म्हणालो. “म्हणूनच तर खरा वाटतो,” प्राध्यापक म्हणाले. “बनवाबनवीचा असता तर गोल असता.”

मी फोन ठेवला. म्हणजे कानातून काढला. ठेवायला आता काही नाही. आपटायला तर काहीच नाही. त्यांचा राग आला, जावईबापूंचा आला, काचेपलीकडे हसत उभ्या असलेल्या ऑफिसातल्या नव्या पोरांचा आला, टेबलावरच्या त्या चौकोनी डागाचा आला. आणि हा राग तेव्हाच भडकला असता तर बरं झालं असतं. पण माझा राग बिस्मथच्या जातीचा आहे. बाकीचे धातू थंड झाले की आकसतात. बिस्मथ थंड झालं की फुगतं. साच्यात ओतून निवांत बसलात तर सकाळी साच्याला तडा. हे मला दादाने सांगितलं, मी बारा वर्षांचा असताना. तो अठराचा होता आणि एका ओतशाळेत उमेदवारी करत होता. संध्याकाळी घरी आला की त्याच्या केसांना जळक्या तेलाचा वास यायचा आणि खिशात काहीतरी असायचं. एकदा त्याने चमचा आणला. दिसायला घरच्या चमच्यासारखाच, जरा जड. बिस्मथ, शिसं आणि आणखी काय काय घालून त्याने तो स्वतः ओतला होता. “गरम पाण्यात घातला की गायब,” तो म्हणाला. “फक्त तुला दाखवायला आणलाय. कशाला लावू नकोस.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो बाबांच्या कपाशेजारी ठेवला.

बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. गावोगावच्या दुकानांत जाऊन तराजू तपासायचे, खोटी मापं जप्त करायची. नात्यातल्या एका दुकानदाराचा काटा त्यांनी एकदा सील केला तेव्हा सगळे नातेवाईक समजूत घालायला आले. बाबा म्हणाले, “काट्याला नातेवाईक नसतात,” आणि जेवायला बसले. त्या बाबांनी चहात चमचा घातला, ढवळला, बाहेर काढला, आणि हातात नुसता दांडा. त्यांनी दांड्याकडे बघितलं, कपात बघितलं, पुन्हा दांड्याकडे. मला हसू फुटलं. इतकं की मी जमिनीवर बसलो. “कोणी ठेवला हा?” बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज तोच होता ज्या आवाजात ते दुकानदाराला विचारत. माझं हसू थांबलं. मी गप्प बसलो. मला तेव्हाच कळलं असावं की मी गप्प बसण्यात हुशार आहे. दादा मोरीतून ओल्या तोंडाने बाहेर आला, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मी.” बाबांनी त्याला एकच मारली. पण त्यापेक्षा वाईट म्हणजे, बापाच्या चहात शिसं कालवणारा मुलगा म्हणून ते त्याच्याशी दीड महिना बोलले नाहीत. त्या दीड महिन्यात ते माझ्याशी दुप्पट बोलले. माझं पुढचं शिक्षण, ही नोकरी, हा गंभीर चेहरा, सगळं त्या दीड महिन्यात ठरलं असं मला कधी कधी वाटतं.

आता दादाची स्वतःची छोटी ओतशाळा आहे आणि तो त्याच चकत्या करतो, छताच्या तोट्यांच्या. पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे जेवताना त्याने सहज विचारलं होतं, “काय म्हणतंय रे बिस्मथ? वाढेल का?” मी घास ताटात ठेवला. बाबांचं वाक्य ऐकवलं. शिवाय चार वाक्यं माझी. वहिनी म्हणाली, “अहो भावजी, साधं विचारलं हो त्यांनी.” दादा म्हणाला, “नाही नाही, बरोबर आहे त्याचं,” आणि त्यानंतर त्याने मला कधीही भाव विचारला नाही. शनिवारी पत्रक घेतो. वर्गणी भरून. एकदा मी म्हटलं, मी पाठवत जाईन तुला, तर म्हणाला, “नको. काट्याला नातेवाईक नसतात ना.” तो हे चेष्टेने म्हणाला की मनापासून, मला आजवर कळलेलं नाही, आणि तिडीक त्याचीच येते.

तीन पंचवीस. गोष्ट अगदी सोपी होती. दोन जणांनी त्रेपन्न सांगितलं होतं, खोकलेशेठ तिसरे. नियमाप्रमाणे तीन स्वतंत्र व्यापारी एकच आकडा बोलले की तो भाव. मी त्रेपन्न लिहिलं असतं तर जगात कोणालाही काही कळलं नसतं. उलट बाजाराची नाडी ओळखली म्हणून कौतुक झालं असतं. पण मी ठरवलं, नाही. पस्तीस लिहायचं, आणि खाली दोन ओळींत कबुली द्यायची की त्रेपन्न हा आकडा प्रस्तुत वार्ताहराने मंगळवारी रागाच्या भरात उच्चारला, त्याला बाजाराचा आधार नाही. ठरवल्याबरोबर मला बरं वाटलं. बाबांसारखं वाटलं. जेवायला बसावंसं वाटलं. केवळ उपचार म्हणून मी खोकलेशेठना फोन केला.

“सौदा झालाय का प्रत्यक्ष?” मी विचारलं. “का नुसताच कोंबडा आरवतोय?” कोरडा खोकला आला. “झालाय तर! दोन टन. काल संध्याकाळी. त्रेपन्नला, रोख आणि पक्का. कागद पाठवू?” मी विचारलं, “कोणी घेतला?” “नाव सांगत नाही आम्ही, तुम्ही जाणता. पण चकत्या ओततो. भला माणूस. मी त्याला म्हटलं, शुक्रवारी त्रेपन्न छापून येतंय, सोमवारी साठ होईल, नंतर मला बोल लावू नका. तर म्हणाला, छापून येणार असेल तर खरंच असणार. घासाघीस म्हणून नाही केली.” खोकला. “तुम्ही मंगळवारी सांगितलंत ते बरं झालं हो. तुमच्या जिवावर चार पैसे सुटले.”

दोन टन म्हणजे दादाचा वर्षभराचा माल. चकत्या ओतणारे या बाजूला दुसरे कोणी नाहीत. त्याने त्याच्या वर्षभराच्या मालाला त्रेपन्न दिलं होतं, आणि अग्निशामक साहित्याची कंपनी त्याला पैसे देते ते आमच्या पत्रकात छापलेल्या भावाने. पस्तीस छापलं तर पस्तीसने. मी पस्तीस छापलं की दादा बुडाला. खोटं छापलं की तरला. मघाशी जे बाबांसारखं वाटलं होतं ते जिथून आलं तिथे परत गेलं. काट्याला नातेवाईक नसतात हे म्हणायला काट्याचं काय जातं? काटा लोखंडाचा असतो. पंधरा वर्षांपूर्वी मी तो घास ताटात ठेवला नसता तर काल संध्याकाळी त्याने मला एक फोन केला असता. “काय रे, त्रेपन्न म्हणतात, खरं का?” मी म्हणालो असतो, “दादा, ते मी चिडून बोललो.” एवढंच. माझी सचोटी मधे आली. माझ्या सचोटीला कोणीतरी एक मारायला हवी होती, वेळेवर.

चारला दहा कमी असताना मी दादाला फोन लावला. मागे भट्टीचा पंखा घोंघावत होता. “काय रे, आज कामाच्या वेळी?” मी सांगितलं. सगळं, खोकलेशेठचं रडणं, माझा संताप, आकडा. मधे एकदाही थांबलो नाही, कारण मला माझ्या शांततांची खात्री नव्हती. पंखा घोंघावत राहिला. मग तो म्हणाला, “त्रेपन्न? अरे, तो तर मीच तुला दिला होता मंगळवारी सकाळी.” आणि हसला. “म्हणजे मी तुला फुकट दिला आणि दोन टनांवर परत घेतला. वा रे धंदा.”

“दादा, हसू नकोस.”

“मग काय करू? रडलो तर भट्टी विझेल का?”

“मी त्रेपन्न छापतो,” मी म्हणालो. “तीन जण सांगताहेत. सौदासुद्धा झालाय. कोणाला काही कळणार नाही.”

“मला कळेल ना.”

“तू बुडशील रे!”

“ओरडू नकोस. मागच्या वेळी ओरडलास त्याचं एवढं झालं.” पंखा बंद झाला, त्याने तो मुद्दाम बंद केला असावा. “हे बघ, जे खरं ते छाप. माझं मी बघीन. चमच्याच्या वेळी बघितलं होतंच की.”

चाळीस वर्षं आम्ही तो चमचा एकदाही उच्चारला नव्हता. मला वाटायचं तो विसरला. विसरणारा मोठा भाऊ असणं ही केवढी सोय आहे, हे ती सोय गेल्यावर कळतं. मला त्याचा भयंकर राग आला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर मी फेडल्या असत्या. दादाने माफ केलं होतं, आणि तेही आत्ता नव्हे, चाळीस वर्षांपूर्वी, मला न विचारता.

मी पस्तीस लिहिलं. खाली कबुलीच्या दोन ओळी. चार वाजून बारा मिनिटांनी मुख्य मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. त्या माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहेत आणि मला सर म्हणून रागावतात. “सर, हे काय? तीन स्वतंत्र व्यापारी त्रेपन्न म्हणताहेत आणि तुम्ही पस्तीस लिहिताय?”

“ते तिघं नाहीत, मॅडम. तो मी एकटाच आहे. फक्त तीन आवाजांत.”

त्यांनी कबुली पुन्हा वाचली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि आजाऱ्याशी बोलतात तसं बोलल्या. पस्तीस ठीक आहे, त्या म्हणाल्या, माझ्या अनुभवाचा त्या आदर करतात. पण या दोन ओळी जाणार नाहीत. वार्ताहर रागावला आणि भाव चढला असं छापलं तर उद्या लोक विचारतील, तो खुशीत असताना काय होतं? बावीस वर्षांचे सगळे आकडे लोक उकरून काढतील. “मग त्या सौद्याचं काय लिहायचं?” मी विचारलं. “तो झालाय. खरा आहे.” त्यांनी माझ्यासमोर टाइप केलं: ‘एक सौदा चढ्या भावाने झाल्याचे समजते, तो अपवादात्मक मानून वगळला आहे.’ “बरोबर ना, सर?” त्यांनी विचारलं. बरोबर होतं. नियमाप्रमाणे अगदी बरोबर होतं. पाचशे वर्गणीदारांना पत्रक गेलं. त्यांतला एक अपवादात्मक.

मी अडवलं नाही. हे नोंदवून ठेवायला हवं, कारण या गोष्टीत मी खरं बोललो असं कोणाला वाटायचं. मी दादाला खरं बोललो, मॅडमना बोललो, जिथे त्याने काहीच बदलत नव्हतं तिथे बोललो. जिथे छापलं जातं तिथे मी पुन्हा गप्प बसलो आणि मोरीतून कोणीतरी ओल्या तोंडाने बाहेर यायची वाट बघितली.

रविवारी सकाळी दादाकडे गेलो. ओतशाळेच्या कोपऱ्यात दोन टन बिस्मथच्या लगडी छातीइतक्या उंच रचून ठेवल्या होत्या. कुठे कुठे त्यांच्यावर गुलाबी-निळी झाक होती, कबुतराच्या मानेवर असते तशी. इतका सुंदर तोटा मी पूर्वी पाहिला नव्हता. एक भट्टी बंद होती. दादाने ती विकायला काढल्याचं वहिनी म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता आत गेली. दादाने स्टोव्हवर चहा ठेवला. भावाबद्दल तो काही बोलला नाही, कंपनीबद्दल नाही, माझ्या पत्रकाबद्दलही नाही. मी म्हणालो, “दादा, माझ्याकडे थोडे साठलेले आहेत.” तो म्हणाला, “तुझ्या पोटाचं औषध चाललंय का अजून? त्यातपण हेच असतं म्हणे.” मग खदखदता चहा कपात ओतला, कप माझ्यासमोर ठेवला आणि कपाशेजारी एक चमचा ठेवला. नवा, चकचकीत, जरा जड. दांड्यावर त्याच्या कानशीचे ओरखडे ताजे होते.

“पिऊ नकोस,” तो म्हणाला. “शिसं आहे त्यात. नुसता ढवळ. त्रेपन्नच्या मालाचा आहे. एवढा महाग चमचा कोणाच्या बापाने पाहिला नसेल.”

मी ढवळला. पहिल्या फेऱ्याला तो चमचा होता, दुसऱ्याला कडा मऊ झाल्या, तिसऱ्याला कपाच्या तळाशी काहीतरी चंदेरी घरंगळलं आणि हातात नुसता दांडा राहिला. मी तो तसाच धरून बसलो. दादा समोरच्या लगडीवर बसला होता, कोपरं गुडघ्यांवर, आणि माझ्या तोंडाकडे बघत होता.

“हस की,” तो म्हणाला. “तेव्हा हसला होतास.”